साडूंचा अर्धा लाल ट्रॅक्टर

माझ्या थोरल्या साडूंनी आयुष्यात एकच काम पूर्ण केलं, ते म्हणजे लग्न. आणि तेही सप्तपदीचं सातवं पाऊल पडेपर्यंत भटजींनी त्यांना हलू दिलं नाही म्हणून. बाकी या माणसाने हाती घेतलेलं काही तडीला गेल्याचं आमच्या सासुरवाडीत कुणी पाहिलेलं नाही. दोहात अल नस्रला तिसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट होता. दार उघडलं की समोरची भिंत खांद्यापर्यंत निळी आणि त्याच्या वर पांढरी. पाहुण्यांना ती नवी फॅशन वाटायची, पण खरं कारण असं की खांद्यापर्यंत रंगवून झाल्यावर शिडी लागणार होती आणि शिडी आणायला गेलेले साडू शेजाऱ्याच्या शिडीची मोडकी पायरी दुरुस्त करण्यात गुंतले. ती पायरीही अजून तशीच आहे म्हणतात. गॅलरीत मेथी लावायची म्हणून त्यांनी कुंड्या आणल्या, माती आणली, खत आणलं, फक्त बी आणलं नाही. आम्ही विचारलं की म्हणायचे, "माती आधी मुरू द्यावी लागते." चार-पाच हिवाळे ती माती मुरत होती. अरबी शिकायला बसले ते अर्ध्या मुळाक्षरांपर्यंत पोचले, त्यामुळे रस्त्यावरच्या पाट्या ते अर्ध्या वाचायचे आणि गाडी पूर्ण आत्मविश्वासाने भलत्याच गल्लीत घालायचे. डॉक्टरांनी चालायला सांगितलं तेव्हा रोज समुद्राच्या कडेने जाताना चालत जायचे आणि येताना मेट्रोने यायचे. आणि या गृहस्थांची नोकरी काय, तर एका रस्त्याच्या प्रोजेक्टवर दुसऱ्यांच्या कामाच्या कागदांवर "क्लोज्ड" असा शिक्का मारायची.

माझी ओळख फार महत्त्वाची नाही. मी अल सद्दला राहतो, एका इस्पितळाच्या भांडारात काम करतो आणि अंगाने भरभक्कम आहे. ही शेवटची गोष्ट मुद्दाम सांगून ठेवतो, कारण तिचा पुढे उपयोग झाला. साडू फलटणकडचे, मी ठाण्याचा. एरवी ते ऑफिसातली स्वच्छ मराठी बोलायचे, पण कुठल्या नव्या कामाचं वारं अंगात शिरलं की त्यांच्या तोंडी गावची बोली यायची. ती ऐकू आली की त्यांची बायको, म्हणजे आमच्या हिची ताई, हातातलं काम खाली ठेवून खुर्चीत बसून घ्यायची. पुढे काय वाढून ठेवलंय हे तिला कळायचं.

ती बोली मी सगळ्यात जोरात ऐकली ती उत्तरेकडच्या एका मझऱ्यावर. मझरा म्हणजे इथली शेतवाडी: खजुराची झाडं, शेळ्या, पाण्याची टाकी आणि चारी बाजूंनी वाळू. साडूंच्या साहेबांच्या वडिलांचा तो मझरा. वडिलांना सगळे हज्जी म्हणायचे. थंडीत शुक्रवारी ऑफिसच्या लोकांना ते सहकुटुंब जेवायला बोलवायचे. आम्ही दोघं ताईच्या वशिल्याने गेलो होतो. जेवण झाल्यावर साडू शेळ्यांच्या गोठ्यामागे गेले ते येईचनात. जाऊन पाहतो तर एका गंजक्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर हात ठेवून उभे. तीन सिलिंडरचं जुनं डिझेल इंजिन, एका चाकाला हवा नाही, सीटच्या जागी खजुराची पेटी. "आमच्या आण्णांचा असाच व्हता," साडू म्हणाले. "जत्रंत दगडानं भरलेला पाटा वढायचा. मी मडगार्डवर बसायचो." मी मागे वळून पाहिलं, तर दूर ताई खुर्चीत बसली होती.

त्या भागात थंडीच्या शेवटी एका शुक्रवारी आसपासच्या मझऱ्यांवरचे ड्रायव्हर ट्रॅक्टर ओढायची शर्यत लावतात. पंजाबी, मल्याळी, नेपाळी, आपले मराठवाड्यातले, सगळे असतात. लोखंडी पाट्यावर सिमेंटचे ठोकळे रचायचे, साखळी अडकवायची आणि वाळूतून पांढऱ्या सिमेंटच्या रेघेपलीकडे ओढून न्यायचं. हज्जींच्या या ट्रॅक्टरने तरुणपणी तिथे सगळ्यांना धूळ चारलेली होती. आता साहेबांनी तो भंगारात काढायचं ठरवलं होतं. उन्हाळ्याआधी ट्रक येऊन घेऊन जाणार होता. हज्जींचा जीव त्यात होता, पण मुलाशी वाद घालायचं त्यांचं वय राहिलं नव्हतं. तेव्हा साडूंनी, ज्यांनी स्वतःची कारसुद्धा कधी धुऊन पुसली नाही (धुवायचे, पुसायचं राहायचं), छाती पुढे काढून सांगितलं की हा ट्रॅक्टर मी शर्यतीत उतरवतो. साहेब हसले. हज्जी हसले नाहीत. त्यांनी मुलाला काही सांगितलं आणि मग आम्हाला समजावं म्हणून हिंदीत म्हणाले, "ये लाइन तक जाएगा, तो इधर रहेगा. नहीं जाएगा, खलास."

येताना गाडीत मी साडूंना म्हणालो की हे जरा जास्तच झालं. तर ते म्हणाले, "प्रोजेक्ट उन्हाळ्यात संपतोय. आम्ही परत चाललो. इतकी वर्षं इथं काढली, पण बोट दाखवून हे मी केलं म्हणावं असं काय हाय सांगा? रस्ता दाखवला तर लोक म्हणतील, तू नुसता शिक्का मारलास." मागच्या सीटवर ताई खिडकीबाहेर बघत होती.

कामाचा नियम त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केला: नवीन काही विकत घ्यायचं नाही. खिशात फारसं नव्हतं हे एक कारण, पण त्यांच्या मते तो तत्त्वाचा प्रश्न होता. "नव्या सामानावर कुणीबी वढून दाखवंल," असं ते म्हणायचे. दोहात एखादं कुटुंब देश सोडून जायला निघालं की त्यांचा अर्धा संसार कचऱ्याच्या डब्याशेजारी उभा असतो: कपाटं, झोपाळे, मुलांच्या सायकली. साडू संध्याकाळी अल नस्रच्या गल्ल्यांतून तिकडे डोळे लावून हिंडू लागले. बागेतल्या मोडक्या छत्रीचा पोलादी दांडा त्यांनी इंजिनाच्या हवेचा पाइप म्हणून आणला. एका पिकअपचा टर्बो सनैयातल्या भंगारवाल्याकडून मिळवला. सनैया म्हणजे गावाबाहेरची गॅरेजांची वस्ती. टर्बो म्हणजे इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबणारा पंखा, हे मला तेव्हा कळलं. त्या भंगारवाल्याशी घासाघीस करायला साडूंना तीन शुक्रवार लागले आणि शेवटी तो कंटाळून "यल्ला, ले जाओ" म्हणाला.

इंजिनाचं वरचं झाकण, ज्याला हेड म्हणतात, ते त्यांनी मझऱ्यावरून कारच्या पुढच्या सीटवर ठेवून आणलं. त्या वजनाला गाडी माणूस समजली आणि पट्टा लावा म्हणून टुणटुण वाजायला लागली. साडूंनी हेडला पट्टा लावला. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या पोलिसाने आधी हेडकडे पाहिलं, मग साडूंकडे, आणि अंगठा वर केला. सनैयात बीडकडचा एक टर्नर होता, त्याच्याकडे ते हेड घासून घेतलं. हेड जितकं घासावं तितका इंजिनातला दाब वाढतो आणि ताकद वाढते, हे साडूंनी कुठेतरी ऐकलं होतं. थांबायचं कुठे, हे ऐकायचं राहिलं होतं. अजून थोडं, अजून थोडं, असं चाललं होतं. शेवटी टर्नरने मशीन बंद केलं आणि म्हणाला, "सायब, आता बास. आणखी घासलं तर व्हॉल पिस्टनचा मुका घेतेत बगा." पुढे तो टर्नर या कामात असा गुंतला की शुक्रवारी झोपायचं सोडून मझऱ्यावर यायला लागला.

हेडमधले व्हॉल्व्ह, म्हणजे हवेच्या झडपा, मात्र साडूंनी स्वतः बसवले. ते जागेवर घट्ट बसावेत म्हणून त्यांना पेस्ट लावून, काठी चिकटवून, काठी दोन्ही तळव्यांत धरून गोल फिरवत बसायचं असतं, अगदी ताक घुसळावं तसं. दिवाणखान्यात हेड, साडूंच्या मांडीवर फडका, समोर टीव्हीवर मालिका, आणि साडू घुसळतायत. मालिकेतली सासू रागावली की त्यांचा हात जोरात चालायचा. आम्ही एकदा जेवायला गेलो तर चहा झाला, गप्पा झाल्या, तरी स्वयंपाकघरातून चिकनचा वास येईना, डिझेलचा येऊ लागला. आमची ही उठून पाहायला गेली. ताई ओट्याशी शांतपणे कांदा चिरत होती. म्हणाली, "चिकन उद्या. आज ओव्हनमध्ये पिस्टन आहेत." पिस्टन तापवला की त्यात पिन अलगद बसते म्हणे. उलट लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळ्या, थंड केल्या की आखडतात आणि इंजिनात सरकन उतरतात. त्या फ्रीझरमध्ये सुरमईच्या शेजारी निजल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या मझऱ्यावर न्यायच्या तर वाटेत गरम होऊ नयेत म्हणून सहलीच्या बर्फाच्या पेटीत भरल्या. आमच्या मुलीने ज्यूस समजून पेटी उघडली आणि "ममा, देअर आर पाइप्स इन हिअर" अशी तक्रार केली. तिला मराठी सगळं कळतं, पण तक्रार ती इंग्रजीतच करते.

ताईचं या सगळ्यात मन नव्हतं. तिने भांडण काढलं नाही, ओव्हन दिला, फ्रीझर दिला, पण ट्रॅक्टरला ती कधी हात लावायला गेली नाही. ती आमच्या हिला म्हणायची, "हेही अर्धंच राहील गं. आणि मग इथून जाताना हे माझ्याकडे बघणार, आणि मला काही बोलता येणार नाही." नवरा काही पूर्ण करत नाही याची तिला सवय झाली होती, या वेळी तो हरलेला पाहावा लागेल याची तिला धास्ती होती.

आणि तरीही इंजिन जुळलं. साडूंचं कोणतंही काम ज्या जागी थांबायचं, त्या जागा एकेक करून मागे पडल्या. आम्ही सगळे श्वास रोखून होतो, कारण कुठल्याही शुक्रवारी त्यांना टर्नरचं लेथ मशीन दुरुस्त करावंसं वाटू शकलं असतं. शर्यतीच्या आधीच्या शुक्रवारी त्यांनी बटण दाबलं. इंजिन खोकलं, काळा धूर सोडला आणि धडधडायला लागलं. शेळ्या कुंपणापर्यंत पळाल्या. हज्जी खुर्चीवरून उठून जवळ आले आणि त्यांनी बॉनेटवर पालथा हात ठेवला, ताप बघतात तसा.

शर्यतीच्या दिवशी नमाजानंतर मझऱ्याबाहेर गाड्यांची रांग लागली. ट्रॅक्टर रंग नसलेला, सीट म्हणून अजून खजुराची पेटीच, पण उभा होता ऐटीत. जोर लावला की ट्रॅक्टरचं तोंड वर उचललं जातं, म्हणून पुढे वजन बांधावं लागतं. साडूंनी बासमतीच्या जुन्या पिशव्यांत वाळू भरून त्या पुढे टांगल्या होत्या. वाळू तेवढी या देशात फुकट. हवेची गाळणी त्यांनी काढून टाकली होती, इंजिनाला मोकळा श्वास मिळावा म्हणून, आणि टर्बोचं उघडं तोंड बॉनेटच्या बाजूला गणपतीच्या सोंडेसारखं बाहेर आलं होतं. इतक्यात ताई पुढे आली. तिच्या हातात झेंडूचा हार होता. सकाळी ती एकटीच टॅक्सी करून केरळी फुलवाल्याकडे जाऊन आली होती, हे आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. तिने ट्रॅक्टरला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि हार बॉनेटवर चढवला. त्याचं एक टोक टर्बोच्या तोंडाशी लोंबत होतं. साडूंनी ते पाहिलं. मीही पाहिलं की त्यांनी पाहिलं. पण ते हार तसाच ठेवून पेटीवर जाऊन बसले.

साखळी ताणली गेली, पाटा हलला, लोकांनी ओरडा केला, आणि टर्बोने हार गिळला. एका क्षणात अख्खा हार आत गेला. इंजिनाने घशात घास अडकल्यासारखा आवाज काढला, धुरांड्यातून जळक्या पाकळ्या उडाल्या आणि ट्रॅक्टर मेला. पंजाबी ड्रायव्हर हसून हसून खाली बसले. साहेबांनी घड्याळ पाहिलं. ताई जागच्या जागी उभी होती आणि तिचा चेहरा मला बघवेना. मी धावत साडूंजवळ गेलो आणि हळूच विचारलं की दिसत होतं तर हार बाजूला का नाही केला. ते म्हणाले, "पहिल्यांदाच हात लावला हो तिनं. काढ कसं म्हणू?"

नियमाप्रमाणे आणखी एक संधी होती. टर्नरने टर्बो खोलून पंख्याभोवती गुंडाळलेला दोरा ब्लेडने कापून काढला, पाती बोटाने फिरवून पाहिली आणि मान डोलावली. पण तोंड उघडं ठेवायची आता कुणाची छाती होईना, आणि काढलेली गाळणी तर घरीच राहिली होती. वाऱ्याने पिशव्या, पाकळ्या उडत होत्या, आणखी काय आत जाईल सांगता येत नव्हतं. तेवढ्यात ताईने जेवणाची पिशवी उघडली. आम्हा सगळ्यांसाठी ती तिथेच पुऱ्या तळणार होती. तिने पिशवीतून झारा काढला, पदराने पुसला आणि नवऱ्याच्या हातात दिला. टर्नरने त्याचा दांडा वाकवून तो टर्बोच्या तोंडावर तारेने आवळून बांधला. असा घट्ट बसला की जणू त्यासाठीच घडवला होता.

आता दुसरीच भानगड निघाली. बासमतीच्या पिशव्यांच्या शिवणी उसवून वाळू सगळी खाली गेली होती. साडूंनी रिकाम्या पिशव्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. इतक्या प्रेमाने त्यांनी माझ्याकडे कधीच पाहिलं नव्हतं. मी आणि टर्नर पुढच्या लोखंडी दांड्यावर बसलो. त्यानंतरचं मला नीट सांगता येणार नाही. माझ्या पाठीमागे इंजिन गरजत होतं, तोंडावर काळा धूर येत होता, माझ्यासकट ट्रॅक्टर वर उचलला जात होता आणि खाली आपटत होता, आणि मी मनातल्या मनात ज्या देवांना कधी नारळ बोललो नव्हतो त्यांनाही बोलत होतो. मग धडधड थांबली. मी डोळे उघडले तर सगळे पाट्याभोवती जमून वाद घालत होते. पाटा अर्धा रेघेच्या पलीकडे गेला होता आणि अर्धा अलीकडे राहिला होता.

साडू पेटीवरून उतरून आले आणि त्या अर्ध्या पाट्याकडे बघत राहिले. आयुष्यभर जे झालं तेच इथेही, आणि तेही बायकोसमोर. साहेब सांगत होते की नियम म्हणजे नियम, पूर्ण पाटा जायला हवा. मग हज्जी काठी टेकत आले. गर्दी बाजूला झाली. त्यांनी पाटा पाहिला, झारा पाहिला, काळं झालेलं माझं तोंड पाहिलं. त्यांनी चपलेने पांढरी रेघ पुसून टाकली, काठीने पाट्याच्या मागे वाळूत नवी रेघ ओढली आणि मुलाला म्हणाले, "लाइन इधर था."

साहेबांनी वाद घातला नाही. मला वाटतं त्यांनाही मनातून हायसं वाटलं. आणि ताई रडत रडत पुऱ्या तळायला बसली, तर झारा ट्रॅक्टरला. त्या दिवशी पुऱ्या चमच्याने उलटल्या.

ट्रॅक्टर राहणार म्हटल्यावर साडूंनी त्याला रंग द्यायचं ठरवलं, त्यांच्या आण्णांच्या ट्रॅक्टरसारखा लाल. जायच्या आधी जितके शुक्रवार उरले होते तितके ते मझऱ्यावर होते. मी हसून विचारायचो, कुठवर आलं, तर म्हणायचे होईल. जायचा दिवस आला तेव्हा उजवी बाजू लालचुटूक झाली होती आणि डावी तशीच गंजकी होती. त्यांच्या फ्लॅटमधलं कपाट, मेथीच्या कुंड्या आणि मुरलेली माती कचऱ्याच्या डब्याशेजारी उभी राहिली. दुसऱ्या दिवशी मी त्या रस्त्याने गेलो तेव्हा कुंड्या कुणीतरी नेल्या होत्या. विमानतळावर त्यांच्या बॅगेत जुना पिस्टन निघाला आणि तो काय आहे हे सांगताना त्यांनी इतका वेळ घेतला की मागच्या रांगेने त्यांना एकमताने पुढे ढकललं. ताईने झारा परत मागितला नाही.

पुन्हा थंडी पडली तशी मला राहवेना. शुक्रवार बघून आम्ही दोघं नवरा-बायको लाल रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन मझऱ्यावर गेलो. म्हटलं, साडूंचं एक काम तरी आपण पूर्ण करून टाकू, त्यांना फोटो पाठवू. ट्रॅक्टर खजुराखाली उभा होता, पाण्याची टाकी ओढायच्या कामावर, झाऱ्यासकट. मी डबा उघडला, ब्रश बुडवला, आणि मागून काठीचा आवाज आला. हज्जींनी माझा हात धरला.

"खल्ली," ते म्हणाले. म्हणजे राहू दे. मग ट्रॅक्टरच्या गंजक्या बाजूवर हात फिरवत हिंदीत म्हणाले, "काम बाकी है, तो आदमी वापस आएगा."

मी ब्रश पुसला, डबा बंद करून खजुराच्या पेटीखाली ठेवला. घरी येऊन साडूंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. तिकडे मागे ताईच्या स्वयंपाकघरातली भांडी वाजत होती. सगळं ऐकून झाल्यावर साडूंनी विचारलं,

"डब्याचं झाकण गच्च लावलंय न्हवं? न्हाईतर रंग वाळंल."

मी म्हटलं, लावलंय. खरंच गच्च लावलं होतं, आणि वर एक दगडही ठेवला होता.